भाकरी कुणाच्या हातून?

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं, तेव्हा बोटी घेऊन आलेल्या जवानांना बायाबापड्यांनी राख्या बांधल्या. संकटात गणवेश दिसला की आपला जीव भांड्यात पडतो. म्हणूनच युद्धभूमीवर काम करणाऱ्या काही मदतसंस्था लष्कराच्या ट्रकमधून धान्य न्यायला नकार देतात, सैनिकांबरोबर फिरायचंही टाळतात, हे ऐकून आपल्याला नवल वाटतं. माणसं उपाशी असताना कसलं हे सोवळं?

या सोवळ्याचं कारण अफगाणिस्तानात सापडतं.

७ ऑक्टोबर २००१ रोजी अमेरिकेने तिथे बॉम्बहल्ले सुरू केले. त्याच रात्री तिच्या मालवाहू विमानांनी अन्नाची सुमारे ३७ हजार पाकिटंही खाली टाकली. एका पाकिटात एका माणसाचं दिवसभराचं जेवण, साधारण २,२०० उष्मांकांचं. पाकीट लांबून दिसावं म्हणून रंग पिवळा. क्लस्टर बॉम्बमधून विखुरणारे आणि पुष्कळदा न फुटता पडून राहणारे छोटे बॉम्बही पिवळेच! चौकोनी दिसेल ते अन्न, नळकांड्यासारखा दिसेल तो बॉम्ब, असं रेडिओवरून लोकांना समजावायची वेळ आली. शेवटी पाकिटं निळी करायचं ठरलं. रंग बदलता आला. टाकणारा हात तोच राहिला.

त्याच महिन्यात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी स्वयंसेवी संस्थांचं कौतुक केलं. या संस्था आपल्या सैन्याचं बळ वाढवतात, त्या लढणाऱ्या चमूचाच भाग आहेत, असा त्याचा आशय होता. संस्थांच्या अंगावर काटा आला. ज्या गावात त्या लस टोचायला जाणार, तिथल्या बंदूकधाऱ्यालाही हेच सांगितलं गेलं होतं की!

पुढे या विचाराला रीतसर चौकट मिळाली. २००३च्या सुरुवातीला गार्देझमध्ये पहिली ‘प्रांतीय पुनर्रचना तुकडी’, म्हणजे पीआरटी, उभी राहिली. सैनिक, मुत्सद्दी आणि विकास अधिकारी एकाच तळावर. शाळा बांधायची, विहीर खणायची, आणि त्यातून लोकांची मनं सरकारकडे वळवायची. हेतू वाईट नव्हता. पण लष्करी अधिकारी काही महिन्यांसाठी येतो, त्याला जाण्याआधी इमारत उभी दिसायला हवी असते. त्या इमारतीत शिक्षक कोण पाठवणार, हा प्रश्न मागे राहतो. २०११ साली अध्यक्ष हमीद करझाई यांनीच या तुकड्या म्हणजे समांतर सरकार असल्याची तक्रार केली.

त्याहून वाईट गोष्ट २००४ साली घडली. दक्षिण अफगाणिस्तानात अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या आघाडीच्या सैन्याने पत्रकं वाटली: मदत चालू राहावी असं वाटत असेल, तर तालिबान आणि अल् कायदाची माहिती द्या. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने जाहीर निषेध केला. २ जूनला बादघिस प्रांतात याच संस्थेच्या पाच जणांना त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडून ठार करण्यात आलं. पत्रकांमुळेच हे घडलं, असं म्हणता येणार नाही. संशय स्थानिक सरदारांवर होता आणि त्यांना पकडण्यात कुणी उत्साह दाखवला नाही. पण तालिबानने जबाबदारी स्वीकारताना ही संस्था अमेरिकेसाठी काम करते, असंच कारण दिलं. सोव्हिएत फौजांच्या काळातही तिथे टिकलेली ही संस्था २४ वर्षांनंतर देश सोडून गेली.

मग लष्कराने काहीच करू नये का? असं म्हणणंही भाबडेपणाचं आहे. धावपट्टी दुरुस्त करणं, सुरुंग काढणं, रस्ता सुरक्षित ठेवणं ही कामं डॉक्टरच्या हातची नव्हेत. २०१५च्या नेपाळ भूकंपात भारतीय हवाई दल काही तासांत पोहोचलं, ते योग्यच झालं. सांगलीचा पूर असो की नेपाळचा भूकंप, तिथे जवानाला शत्रू नव्हता. अफगाणिस्तानात तोच जवान भांडणातला एक पक्ष होता. पक्षकाराने वाढलेल्या ताटाकडे दुसरा पक्ष संशयानेच बघणार. म्हणून संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं लष्करी साधनांना अखेरचा उपाय मानतात.

लष्कर आणि मदतसंस्था यांनी एकमेकांशी बोललं मात्र पाहिजे. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ पुढे अफगाणिस्तानात परतली; तिथल्या आपल्या कुंदुझच्या रुग्णालयाचं नेमकं ठिकाण तिने अमेरिकी आणि अफगाण सैन्याला आधीच कळवलं होतं. तरीही ३ ऑक्टोबर २०१५च्या पहाटे अमेरिकी विमानाने ते भाजून काढलं. ४२ माणसं गेली. विमानातल्या माणसापर्यंत पोहोचणार नसेल, तर फाइलमधल्या समन्वयाने कुणाचा जीव वाचत नाही.

हा विषय आपल्या दाराशीही आहे. दक्षिण सुदानमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतले, निळ्या टोपीतले भारतीय पशुवैद्य गुरांवर उपचार करतात. तिथे देज गुरांत मोजलं जातं, त्यामुळे या कामाचं मोल मोठं आहे. त्या बदल्यात कुणी बातमी मागत नाही, तोवर ते काम निर्मळ आहे. पण काँगोमध्ये २०१३ साली सुरक्षा परिषदेने शांतिसेनेतच बंडखोरांवर चढाई करणारी ब्रिगेड उभी केली. तिच्यात भारतीय नव्हते. टोपी मात्र त्याच निळ्या रंगाची होती.

शांतिसेनेला सर्वाधिक जवान देणाऱ्या देशांत भारत आहे. त्यामुळे पुढच्या मोहिमेवर सही करण्याआधी दिल्लीने एवढं लिहून घ्यावं: आमचा जवान रस्ता राखेल, पण भाकरीच्या बदल्यात बातमी मागणार नाही.