निविदा जुनी, कर नवा

कंत्राटदार या शब्दाभोवती आपल्या समाजात संशयाचे एक वलय आहे आणि ते अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. पहिल्या पावसात वाहून जाणारे रस्ते आपण सर्वांनीच पाहिले आहेत. तरीही आज आम्ही त्याच माणसाची बाजू मांडणार आहोत. बड्या कंपन्यांची नव्हे. त्यांच्या पदरी वकील आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दोन खोल्या, ग्रामपंचायतीचे गटार, नगरपालिकेची संरक्षक भिंत बांधणाऱ्या लहान कंत्राटदाराची.

जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. दोन महिन्यांच्या आतच बहुतेक सरकारी बांधकामांवरील दर १२ टक्के करण्यात आला. १८ जुलै २०२२ पासून तो १८ टक्के झाला. मातीकामाचा दर तर आठ वर्षांत तीन पायऱ्या चढला: ५, १२ आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून १८. कर किती असावा हा सरकारचा अधिकार आहे, त्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती चालू कामांविषयी. ज्या निविदांत ‘सर्व करांसह’ असा एकच दर मागवला होता, तेथे एक कोटीच्या कामात १२ टक्क्यांनी कंत्राटदाराच्या हाती ८९ लाख २९ हजार उरत. १८ टक्क्यांनी उरतात ८४ लाख ७५ हजार. साडेचार लाखांची ही तूट कोणी सोसायची? खरेदीवर आधी भरलेल्या कराची काही वळती मिळते, हे मान्य. पण गवंड्याच्या आणि बिगाऱ्याच्या मजुरीवर कसली वळती?

याहून चमत्कारिक प्रकार पुढेच आहे. दर बदलण्यापूर्वी काम पुरे झाले, पण बिल आणि पैसे दोन्ही नंतरचे असतील, तर कायद्याच्या १४ व्या कलमानुसार नवा दर लागतो. म्हणजे स्लॅब जूनमध्ये पडला, अभियंत्याला मोजमाप पुस्तिका भरायला सवड मिळाली ऑगस्टमध्ये, की कर १८ टक्के. दिरंगाई कचेरीची, दंड दुसऱ्याला!

याच कायद्याच्या १७१ व्या कलमात असे म्हटले आहे की, कर कमी झाला तर त्याचा लाभ विक्रेत्याने किमतीत उतरवून ग्राहकापर्यंत पोहोचवलाच पाहिजे. (त्याखालील नव्या तक्रारी स्वीकारणे १ एप्रिल २०२५ पासून थांबले, हा भाग वेगळा.) कर वाढला तर काय, याविषयी मात्र तेथे अवाक्षर नाही. उतरणीला कायदा, चढणीला नशीब, हा न्याय आमच्या बुद्धीला उमगत नाही.

कोणी म्हणेल, नफा-तोटा हा धंद्याचाच भाग आहे. बाजारात लोखंड महागले तर तो धोका कंत्राटदाराने पत्करला, हे आम्हीही मान्य करू. पण येथे काम देणारे सरकार, कर लावणारे सरकार आणि बिल अडवणारेही सरकारच. करारातील एका पक्षाने करार झाल्यावर अटीच बदलाव्यात आणि दुसऱ्याने जुन्या किमतीला बांधील राहावे, याला धंदा म्हणत नाहीत.

वाळूचेही तेच. नदीपात्रे ओरबाडू नयेत, या मताचे आम्हीही आहोत. पण महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ६०० रुपये ब्रासने स्वतः वाळू पुरवण्याचे धोरण आणले, २०२५ मध्ये ते गुंडाळून पुन्हा लिलाव आणले आणि सरकारी बांधकामांत २० टक्के कृत्रिम वाळू सक्तीची केली. दोन वर्षे चालणाऱ्या कामाचा दर माणसाने कोणत्या धोरणावर भरवसा ठेवून लिहावा?

यावर उपाय शोधायला दूर जावे लागत नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या सर्वसाधारण अटींत, निविदेच्या अखेरच्या तारखेनंतर कर वाढला तर तो भरून द्यावा आणि घटला तर कापून घ्यावा, असे कलम आहे. सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, ‘फिडिक’च्या, करारनाम्यातही तेच तत्त्व आहे; तेथे निविदेच्या तारखेआधीचा २८ वा दिवस ही सीमा धरतात. जागतिक बँकेच्या कर्जातून होणाऱ्या मोठ्या कामांत अशा अटी मुकाट्याने स्वीकारल्या जातात. गावच्या गटाराचे काम निघाले की मात्र ‘सर्व करांसह, कोणतीही वाढ देय नाही’ असा शिक्का तयार असतो.

अशा कामात तूट आली म्हणजे काय होते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने शनिवारी संध्याकाळी कोणत्याही मजूर नाक्यावर उभे राहावे. सिमेंटवाला उधारी थांबवतो, बँक हप्ता सोडत नाही. थांबवता येण्याजोगी एकच देणी उरते, ती आठवड्याच्या मजुरीची. आणि शाळेच्या दोन खोल्या जोत्यापर्यंत येऊन तशाच राहतात, पोरे व्हरांड्यात बसतात.

म्हणून आमची मागणी एवढीच आहे की, केंद्रीय खात्याच्या अटींतील ते कलम प्रत्येक ग्रामपंचायतीच्या, नगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या निविदेत जसेच्या तसे घालावे. आणि मोजमाप उशिरा घेतल्यामुळे जो जादा कर पडेल, तो मोजमाप उशिरा घेणाऱ्या खात्याने भरावा.