डोनट आणि हिशेबातलं भोक

हल्ली तालुक्याच्या गावातल्या बेकरीतही काचेच्या कपाटात डोनट मांडलेले दिसतात. मुलांनी हट्ट धरला की आई म्हणते, "थांब, आपण घरीच करू." आणि मग यीस्टची भीती आडवी येते. महिला मंडळात मला हमखास विचारतात, "ताई, ते यीस्ट शाकाहारी असतं ना?" मैत्रिणींनो, यीस्ट हा बुरशीच्या कुळातला सूक्ष्मजीव आहे, प्राणिज पदार्थ नव्हे. आणि आंबवणं आपल्याला कुठे नवं आहे? इडलीचं पीठ रात्रभरात फुगतं, हे तास-दीड तासात फुगतं, एवढंच.

पाव किलो मैद्याला चहाचा एक सपाट चमचा कोरडं यीस्ट, दोन मोठे चमचे साखर, तेवढंच लोणी, पाव चमचा मीठ आणि साधारण १४० मिली कोमट दूध. दाणेदार यीस्ट असेल तर ते आधी थोड्या कोमट दुधात साखर घालून दहा मिनिटं ठेवा. फेस आला नाही तर यीस्ट मेलेलं आहे, पुढचं साहित्य वाया घालवू नका. इन्स्टंट यीस्ट मात्र थेट मैद्यात घालता येतं. दूध बोटाला कोमटच लागायला हवं, कढत दुधात यीस्ट मरतं.

हे पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि चिकट असतं. घाबरून वरून मैदा घालत बसू नका. दहा मिनिटं तळहाताने रगडून मळलं की आपोआप गुळगुळीत होतं. ओल्या फडक्याखाली दुप्पट होईपर्यंत ठेवा, थंडीत दोन तासही लागतात. मग अर्धा इंच जाड लाटून वाटीने गोल कापा आणि बाटलीच्या झाकणाने मधलं भोक पाडा, म्हणजे मध्यभाग कच्चा राहत नाही. खरी मेख पुढेच आहे. कापलेले डोनट पुन्हा अर्धा तास फुगू द्यायचे. घाईत ही पायरी गाळली की डोनट घट्ट होतात आणि दोष यीस्टला मिळतो.

तळताना आच मध्यम ठेवा. पिठाचा तुकडा टाकला तर बुडबुडे काढत सावकाश वर यावा. तेल फार तापलं तर डोनट वरून लाल आणि आतून कच्चा, कमी तापलं तर तो तेल पितो. एकेक बाजू मिनिटभर पुरते. कडेला मधोमध फिकट पट्टा उमटला की समजावं, छान फुगलेत. जरा निवले की पिठीसाखरेत घोळवा. दहाएक डोनट होतात.

घरी करण्याचा मोठा फायदा तेलाचा. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक घटक वाढत जातात. एफएसएसएआयने १ जुलै २०१८ पासून अशा घटकांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. पण हातगाडीवरच्या कढईत रोज कोण मोजणार? घरी तेल किती वेळा तापवायचं, ते आपल्या हातात असतं.

आता थोडा इतिहास. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, मुक्तिफौजेच्या म्हणजे साल्व्हेशन आर्मीच्या स्त्रिया फ्रान्समध्ये आघाडीजवळ अमेरिकन सैनिकांसाठी डोनट तळत होत्या. त्यांचे डोनट यीस्टचे नव्हते. लाटणं नव्हतं, बाटलीने लाटायच्या. पहिल्या दिवशी जेमतेम १५० झाले. अमेरिकेत तेव्हा या संस्थेच्या प्रमुख इव्हेंजेलिन बूथ होत्या. अहिल्यानगरचं बूथ हॉस्पिटल त्यांच्याच नावाचं. डोनट तळणाऱ्या त्या बायकांच्या सन्मानार्थ १९३८ साली शिकागोत 'डोनट दिन' सुरू झाला. त्या आघाडीजवळ होत्या म्हणून त्यांचे कष्ट जगाला दिसले. घरातल्या कढईपाशी उभी असलेली बाई कुणाला दिसते?

आमच्या बचत गटातल्या एकीने शाळेच्या आनंदमेळाव्यासाठी साठ डोनट केले. सगळे हातोहात संपले. तिने हिशेब मांडला: मैदा, साखर, लोणी, तेल, गॅस, कागदी डिश. मी विचारलं, "आणि तुझे पाच तास?" ती हसून म्हणाली, "ताई, मी घरीच तर होते!" मला त्या हसण्याचं वाईट वाटलं. हलवाई कारागिराचा पगार धरूनच भाव ठरवतो. आपण मात्र स्वतःला फुकट धरतो आणि वर 'फायदा झाला' म्हणतो. अशाने काही दिवसांत अंग मोडून जातं, हाती काही उरत नाही आणि मग 'बायकांना धंदा जमत नाही' हे ऐकून घ्यावं लागतं.

म्हणून माझं सांगणं आहे, विकायला करणार असाल तर नोंदणी करून घ्या आणि हिशेबाच्या वहीत पहिली ओळ स्वतःच्या मजुरीची लिहा. भाव त्यानंतर ठरवा. आणि घरच्यांसाठी करणार असाल तर कापायला मुलांना बसवा, घोळवायला त्यांच्या बाबांना बोलवा. पीठ फुगेस्तोवर तुम्ही खुशाल पुस्तक वाचा. गरम डोनट सगळ्यांनी एकत्र खायचे, शेवटचा गार झालेला आईच्या वाट्याला नको. भोक डोनटला शोभतं, आपल्या हिशेबाला नाही.