कचऱ्याच्या पिशवीचाही हिशोब हवा



विषय लहान आहे, पण पैसा आपलाच आहे. ऊस काट्यावर चढला की आपण किलोकिलोचा हिशोब मागतो. मग कार्यालय, उपाहारगृह, विश्रामगृह आणि वसाहतीतल्या कचऱ्याच्या बादल्यांत घालायच्या पिशव्यांचा हिशोब काहून मागत नाही? कमी दराची निविदा मंजूर झाली की काम संपले, असे समजू नये, असे आमचे मत आहे.

पिशव्या किलोने येतात, पण खपतात नगाने. त्याच मापाची पिशवी 25 ऐवजी 50 मायक्रॉन जाडीची असली, तर किलोत निम्मेच नग बसतात. म्हणून भाव नगाचा विचारावा. पण फारच पातळ पिशवी घेतली आणि फाटते म्हणून एकात एक दोन घातल्या, तर स्वस्ताई गेली कुठे? मापही पाहावे. 14 इंच तोंडाच्या बादलीचा घेर 44 इंच. तिला आडवी 24 इंची पिशवी पुरते. 30 इंची घेतली तर वरचे सारे फुकट.

कायदाही ध्यानात ठेवावा. 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. घनकचऱ्यासाठी खत होणाऱ्या पिशव्यांना सशर्त सूट आहे. नुसते ‘विघटनशील’ छापलेले पाहून भुलू नये; आयएस 17088 मानकाचे प्रमाणपत्र मागावे. या पिशव्या महाग असतात आणि गोदामात पडून कमजोर होतात, म्हणून हंगामापुरत्याच घ्याव्या.

सगळ्यात स्वस्त पिशवी म्हणजे न लागणारी पिशवी. कार्यालयातल्या कागदाच्या टोपलीला ती कशाला? उपाहारगृहाचा ओला कचरा झाकणाच्या बादलीत ठेवावा, बादली रोज रिकामी करून धुवावी. हा कचरा प्रेसमडच्या खतात मिसळायचा, तर त्यात प्लास्टिकची एक चिंधीही नको. ते खत शेवटी आपल्याच उसाच्या सरीत आणि धानाच्या बांधीत पडते. तिथल्या चिंध्या वेचणार कोण बाप्पा?

तेव्हा खरेदी विभागाने गळीत हंगामापूर्वी बादल्यांची संख्या, पिशवीचे माप, जाडी, नगाचा भाव आणि प्रमाणपत्र यांचा तक्ता संचालक मंडळापुढे ठेवावा, आणि वार्षिक सभेत सभासदांनी तो पाहायला मागावा. बचत थोडी असेल, पण जमीन आपली आहे.