निकालाच्या घटकेची तालीम

16 जुलै 2021 रोजी दुपारी 1 वाजता दहावीचा निकाल लागला, आणि राज्यातील 15 लाखांहून अधिक मुलांनी व त्यांच्या आप्तेष्टांनी एकाच घटकेस मंडळाच्या संकेतस्थळाकडे धाव घेतल्यामुळे ते जे बसले ते तासन्‌तास उठले नाही. महामारीमुळे त्या वर्षी लेखी परीक्षाही झाली नव्हती. घराच्या चार भिंतींत वर्ष काढलेल्या मुलांच्या वाट्याला निकालाचा तेवढा एक क्षण उरला होता, आणि तोही कोऱ्या पडद्याकडे पाहण्यात सरला, याचे मला आजही वाईट वाटते.

वाईट अधिक अशासाठी, की मुलांची संख्या, तारीख आणि घटका या तिन्ही गोष्टी आगाऊ ठाऊक होत्या. इतकी पूर्वसूचना देऊन येणारी गर्दी आषाढीच्या वारीखेरीज क्वचितच आढळेल, आणि वारीचा बंदोबस्त कोणी एकादशीच्या सकाळी आखीत नाही.

पंढरपूरच्या दर्शनबारीत ज्याने तास काढले आहेत त्याला गर्दीच्या शास्त्राचे मूळ निराळे समजावून सांगावे लागणार नाही. प्रत्येक भाविक पायांपाशी क्षणभर अधिक रेंगाळला, की येणाऱ्यांचा ओघ न वाढताही बारी लांबत जाते. हीच गोष्ट जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने 1961 साली गणिताने सिद्ध केली. दर सेकंदास 1,000 माणसे येत असून प्रत्येकाचे काम 2 सेकंदांत उरकत असेल, तर आत सरासरी 2,000 माणसे असतात. डेटाबेस मंदावून तेच काम 10 सेकंदांवर गेले, की 10,000 होतात. त्यात अधीर झालेला प्रत्येक जण पुनःपुन्हा रिफ्रेश करतो आणि एकाचे चार होतात. म्हणून लोड टेस्टिंग, म्हणजे भाराची चाचणी, करताना दिवसभराची सरासरी धरून चालत नाही. जेमीटरसारख्या साधनाने कृत्रिम माणसे उभी करावयाची ती त्या एका मिनिटाच्या उसळीइतकी, आणि व्यवस्था कोठे मोडते ते दिसेपर्यंत वाढवीत न्यावयाची.

परंतु नुसती चाचणी करून भागत नाही. अमेरिकेत 1 ऑक्टोबर 2013 रोजी आरोग्यविम्याचे सरकारी संकेतस्थळ उघडले, तेव्हा पहिल्या दिवशी अवघ्या 6 जणांची नोंदणी पुरी झाली. विम्याचे दर नुसते पाहू इच्छिणाऱ्यासही आधी खाते उघडण्याची सक्ती होती, आणि सारा लोंढा त्या एका दारात अडकला. पुढे प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे कंत्राटदारांनी सांगितले, की सर्व भाग एकत्र जोडून पाहण्यास शेवटचे दोनच आठवडे मिळाले. उद्घाटनाच्या आधीच्या दिवसांत काहीशे कृत्रिम ग्राहकांच्या चाचणीतच व्यवस्था कोसळल्याचेही तेथील वृत्तपत्रांनी उघड केले. म्हणजे चाचणीने आपले काम चोख बजावले होते, परंतु तारीख हलली नाही.

माझा आग्रह नेमका येथे आहे. चाचणीचा दाखला निविदेच्या कागदांना जोडण्यापुरता मागितला जात असेल, तर ती चाचणी न केलेली बरी, कारण तिने खोटा धीर मिळतो. चाचणी घेणाऱ्याच्या हाती तारीख पुढे ढकलण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि तो करारनाम्यातच कलम घालून, मंत्र्यांच्या मर्जीवर न सोडता, दिला पाहिजे. मंडळाने निकालाच्या पंधरा दिवस आधी, गतवर्षीचे गुण पटलावर ठेवून, दुपारी 1 वाजताची ती घटका एकदा पूर्ण भारानिशी चालवून पाहावी आणि किती जणांना किती सेकंदांत गुण दिसले ते आकडे पालकांपुढे ठेवावेत.

— दप्तरदार