ऊन लागलेला रुग्ण आणि आपली मर्यादा

ग्रीष्म ऋतूत पाथरी परिसरातील चिकित्सालयांत ‘ऊन लागले’ ही तक्रार नित्याची असते. येथे पारा ४२ अंशांपलीकडे जाणे नवलाचे नाही. शेतमजूर दुपारीही रानात असतात. वृद्ध व बालके पत्र्याच्या घरात तापत राहतात. यांपैकी अनेकजण प्रथम वैद्याकडे किंवा औषधालयात येतात. म्हणून तीन गोष्टींकडे आम्ही व्यवसायबंधूंचे लक्ष वेधू इच्छितो.

पहिली गोष्ट पथ्याची. वाग्भटाचार्यांनी ग्रीष्मात लवण वर्ज्य सांगितले. परंतु त्याच सूत्रात व्यायाम व सूर्यकिरणही वर्ज्य सांगितले आहेत. ज्याला ऊन आणि श्रम टाळता येत नाहीत, त्याला केवळ मीठ टाळावयास सांगणे हा शास्त्राचा अर्धाच स्वीकार होय. घामावाटे गेलेले पाणी व लवण भरून निघालेच पाहिजे. मीठ घातलेले ताक, पन्हे आणि जलसंजीवनी हाच त्याचा आधार. वृक्क व हृदयाच्या रुग्णांत मात्र प्रमाण विचारपूर्वक ठरवावे.

दुसरी गोष्ट औषधविक्रीची. आसवांत स्वयंजनित मद्यांश असतो आणि ग्रीष्मात मद्य टाळावे, घेतल्यास अत्यल्प व भरपूर पाण्यासह घ्यावे, असे ग्रंथवचन आहे. तरीही ‘थंड’ म्हणून उशीरासव मागेल त्यास दिले जाते. औषधालयांनी बाटलीआधी जलसंजीवनीचे पाकीट पुढे करावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शरीर तापलेले, बोलणे असंबद्ध, झटके किंवा बेशुद्धी ही लक्षणे दिसताच तो उष्माघात समजावा. तेथे प्रवाळपिष्टी उगाळीत बसणे म्हणजे अमूल्य वेळ दवडणे होय. रुग्णास सावलीत घ्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत शीतोपचार थांबवू नयेत.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी तेथील तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. आपल्याकडील पारा त्याहून कितीतरी वर जातो.

रुग्ण योग्य वेळी पुढे पाठविण्यात वैद्याचा कमीपणा नाही. साध्यासाध्यविवेक हा आपल्याच शास्त्राचा पाया आहे. येत्या चैत्रापूर्वी प्रत्येक चिकित्सालयात तापमापक, पाण्याचा माठ आणि जलसंजीवनी सिद्ध असावी, एवढीच आमची विनंती.