जलपर्णीचा हौद ठीक, पण मासे विकू नका

धातूमिश्रित सांडपाणी हौदात सोडा, वर जलपर्णी वाढवा, खाली मासे पाळा. पाणीही शुद्ध आणि मासळीचे उत्पन्नही, असा स्वस्त उपाय सुचवला जातो. नांदेड-लातूरच्या प्लेटिंग व बॅटरी व्यावसायिकांनी तो अर्धाच स्वीकारावा.

जलपर्णीची मुळे शिसे, कॅडमियम, तांबे ओढून घेतात हे खरे. नांदेडकरांना ती विकत घ्यायलाही नको, गोदावरीने फुकट पुरवली आहे! पण प्लेटिंगच्या आम्लयुक्त पाण्यात तीही तग धरत नाही. म्हणून क्रोमियमच्या पाण्यात आधी हिराकस, मग चुना घालून गाळ बसवावा. हौद उरलेल्या अंशापुरता. शिवाय धातू नाहीसा होत नाही, तो झाडात जातो. झाड कुजले की पुन्हा पाण्यात. काढलेली जलपर्णी गुरांना किंवा खताला न देता गाळासह धोकादायक कचऱ्यातच गेली पाहिजे. हा खर्च हिशेबात धरला जात नाही.

मासे तर पाणी साफ करत नाहीत, धातू अंगात साठवतात. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली उघडकीस आलेला रोग पाऱ्याचे मासे खाल्ल्यानेच झाला होता. सरकारी मानकानुसार सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहावे लागतात; तेवढ्या परीक्षेपुरते मासे ठेवावेत. मासा जगला म्हणून खाण्यालायक ठरत नाही. तो विकणे ही गिऱ्हाइकाची उघड फसवणूक आहे.

लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेथील कारखानदाराने शुद्ध केलेले पाणी माल धुण्यासाठी पुन्हा वापरले, तर हौदाचा खर्च पाण्याच्या बिलातूनच वसूल होऊ लागेल.