समजून घ्या : स्फोटात इमारत तगणार की कोसळणार? कॉलममधल्या रिंगा ठरवतात

सोलापूर : तळमजल्यावर दुकान किंवा हॉटेलचे किचन, वर दोन-तीन मजले. नवी पेठेसारख्या गजबजलेल्या बाजारपेठेत अशा इमारती सर्रास दिसतात. अशा ठिकाणी सिलिंडरचा स्फोट झाला, तर सगळ्यांचे लक्ष आगीकडे जाते. पण वरचे मजले उभे राहतील का, हे ठरते तळमजल्याच्या कॉलमवर.

स्फोटात कॉलमचे काय होते?

कॉलम मुख्यतः वरून येणारे वजन पेलतो. स्फोटाचा दाब बाजूने येतो, तोही काही मिलिसेकंदांत. काँक्रीटचे बाहेरचे कव्हर उडते आणि उभ्या सळया उघड्या पडतात. त्यांना आवळणाऱ्या रिंगा दूर दूर असतील, तर सळया बाहेर वाकतात आणि कॉलम बसतो.

गॅसच्या स्फोटात आणखी एक धोका असतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. बंद खोलीत तो पेटला, की स्लॅब खालून वर ढकलला जातो. स्लॅबची रचना वरून येणाऱ्या वजनासाठी असते, त्यामुळे तो तडकतो. स्लॅब-बीम निखळले, की कॉलमला आडवा आधार उरत नाही आणि तो सहज वाकतो.

आधीच्या घटना काय सांगतात?

12 मार्च 1993 च्या मुंबई साखळी स्फोटांत 257 जणांचा बळी गेला. शेअर बाजाराच्या तळघरात कारबॉम्ब फुटला, तरी वरचा टॉवर उभा राहिला.

19 एप्रिल 1995 रोजी अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीमध्ये नऊ मजली सरकारी इमारतीसमोर ट्रकबॉम्ब फुटला. 168 जण दगावले. स्फोटाने मोडलेले कॉलम मोजकेच होते. पण त्यांच्यावर टेकलेला मोठा बीम खचला आणि वरचे मजले एकामागोमाग कोसळले. भूकंपरोधक पद्धतीने सळया बांधल्या असत्या, तर कोसळलेला भाग निम्म्याने किंवा त्याहूनही कमी झाला असता, असा निष्कर्ष ‘फेमा’ या अमेरिकी संस्थेच्या अहवालाने काढला.

दोन्ही ठिकाणची परिस्थिती वेगळी होती, त्यामुळे थेट तुलना करता येत नाही. मात्र एक कॉलम गेला तरी बाकीची इमारत तगली पाहिजे, हे सूत्र सगळीकडे लागू पडते.

नव्या बांधकामात काय पाहावे?

साध्या आरसीसीच्या आयएस 456 मानकात कॉलमच्या रिंगांमध्ये कमाल 300 मिमी अंतर चालते. भूकंपरोधक बांधणीच्या आयएस 13920 मध्ये कॉलमच्या वरच्या व खालच्या टोकाजवळ हे अंतर 100 मिमीच्या आत हवे आणि रिंगेचे हूक 135 अंशांत आत वळलेले हवेत. 90 अंशांचे हूक कव्हर उडताच उघडतात. किल्लारीच्या भूकंपाची आठवण असलेल्या सोलापूरकरांना हा खर्च नवा वाटू नये. भूकंपासाठी बांधलेली रिंग स्फोटातही कामी येते.

जुन्या कॉलमचे काय?

• आरसीसी जॅकेटिंग : कॉलमभोवती नव्या सळया, रिंगा आणि साधारण 100 मिमी जाडीचे काँक्रीट. मजबूत, पण दुकानाची जागा खाते.

• स्टीलचे जॅकेट : कॉलमभोवती पत्रा बसवून मधली पोकळी ग्राउटने भरतात. जागा कमी लागते, पण गंज आणि आगीपासून जपावे लागते.

• कार्बन फायबर : कापडासारखा थर इपॉक्सीने चिकटवतात. जागा जवळपास लागत नाही. मात्र उष्णतेने इपॉक्सी मऊ पडते, म्हणून किचनजवळ अग्निरोधक लेप हवाच.

जॅकेट फरशीपाशी थांबवले, तर पायथा कच्चाच राहतो. आरसीसी जॅकेटच्या सळया खाली फुटिंगपर्यंत आणि वर स्लॅबमधून पुढे न्याव्या लागतात.

तुम्ही काय करू शकता?

दुकान मोठे दिसावे म्हणून कॉलम तासू नका, पाइपसाठी त्यात खाचा पाडू नका. प्लायवूडच्या आड गेलेले कॉलम वर्षातून एकदा उघडून पाहा. उभ्या भेगा, गंजाचे डाग किंवा सुटलेले कव्हर दिसले, तर नुसता गिलावा मारून झाकू नका. इमारतीला 30 वर्षे झाली असतील, तर महापालिका कायद्याच्या कलम 265-अ नुसार स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. त्या वेळी इंजिनिअरला एक प्रश्न जरूर विचारा : तळमजल्याचा एक कॉलम गेला, तर वरचे वजन कुठे जाईल?